मितोमा मोठा की कुबो? जपानी फुटबॉलपटूंबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): सध्याच्या जपानी फुटबॉलपटूंमध्ये सर्वांत लोकप्रिय कोण, ब्रायटनचा काओरू मितोमा की रेआल सोसिएदादचा ताकेफुसा कुबो? आणि वातारू एंदो लिव्हरपूलसारख्या बलाढ्य क्लबात असूनही त्याचं नाव तितकं का ऐकू येत नाही?

इंग्लंडमधला फुटबॉल पाहणाऱ्यांना विचारलं तर मितोमा. स्पेनमध्ये कुबो. जपानमध्ये दोघांचीही नावं घराघरांत पोहोचली आहेत, पण वाटा अगदी वेगळ्या.

कुबो लहानपणापासून बातमीत आहे. वयाच्या दहाव्या वर्षी, २०११ मध्ये, तो बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत दाखल झाला. अठरा वर्षांखालच्या परदेशी मुलांच्या भरतीवरून फिफाने क्लबवर कारवाई केली आणि २०१५ मध्ये त्याला जपानला परतावं लागलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एफसी टोकियोच्या २३ वर्षांखालील संघाकडून जे-३ मध्ये (जपानच्या जे-लीगची तिसरी श्रेणी) उतरला तेव्हा त्याचं वय १५ वर्षं ५ महिने १ दिवस होतं. जे-लीगमध्ये इतक्या लहान वयात तोवर कुणीच खेळलं नव्हतं. २०१९ मध्ये रेआल माद्रिदने घेतलं, मग मायोर्का, विलारेआल, हेताफे आणि पुन्हा मायोर्का अशी उसनवारी झाली. २०२२ मध्ये रेआल सोसिएदादला आला आणि पहिल्याच मोसमात लीगमध्ये ९ गोल केले. म्हणजे तो काही करून दाखवण्याआधीच जपानी वर्तमानपत्रं त्याच्या मागे होती. अशा प्रसिद्धीचा भाव वर्षानुवर्षं टिकतो, पण अपेक्षांचं ओझंही तितकंच असतं.

मितोमाचं नेमकं उलट. कावासाकी फ्रोंतालेच्या युवा अकादमीतून थेट मुख्य संघात येण्याची संधी असताना ती नाकारून तो त्सुकुबा विद्यापीठात गेला. तिथे त्याने ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिला. सहकाऱ्यांच्या डोक्यावर कॅमेरे बांधून त्यांची नजर कुठे जाते ते तपासलं. २०१७ च्या सम्राट चषकात त्सुकुबाने जे-१ या अव्वल श्रेणीतल्या वेगाल्ता सेंदाईला ३-२ असं हरवलं, त्यात त्याचे दोन गोल होते. व्यावसायिक पदार्पण २०२० मध्ये, आणि त्या पहिल्याच मोसमात लीगमध्ये १३ गोल, १२ असिस्ट (गोलाचे पास). ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रायटनने करार केला, पण तोवर तो राष्ट्रीय संघाकडून एकही सामना खेळलेला नव्हता. ब्रेक्झिटनंतरच्या गुणपद्धतीत ब्रिटनचा कामाचा परवाना मिळणं त्यामुळे अवघड होतं. म्हणून एक वर्ष बेल्जियमच्या युनियों सें-जिलवाजकडे. राष्ट्रीय पदार्पण नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमानविरुद्ध, आणि विजयी गोलाचा पासही त्याचाच.

जगाला तो माहीत झाला तो एका क्षणामुळे. १ डिसेंबर २०२२, विश्वचषकात स्पेनविरुद्ध ५१ वा मिनिट. गोलरेषेबाहेर गेल्यासारखा दिसणारा चेंडू त्याने पाय ताणून मागे ढकलला, आओ तानाकाने गोल केला. व्हिडिओ तपासणीत चेंडूचा १.८८ मिलिमीटर भाग रेषेवर असल्याचं निघालं. संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली तरच तो बाहेर, हा नियम त्या रात्री फुटबॉल न पाहणाऱ्यांनीही शिकून घेतला. जपान २-१ ने जिंकला आणि त्याच निकालामुळे जर्मनी स्पर्धेबाहेर गेला, त्यामुळे तो फोटो जर्मन वृत्तपत्रांतही झळकला. पुढच्याच महिन्यात, २९ जानेवारी २०२३ रोजी, एफए कपमध्ये लिव्हरपूलविरुद्ध भरपाई वेळेतला विजयी गोल. २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १० गोल. जपानी खेळाडूने तिथे दोन आकडी गोल करण्याची ही पहिलीच वेळ.

आता एंदो. तो बचावात्मक मिडफिल्डर, ऑगस्ट २०२३ मध्ये ३० व्या वर्षी लिव्हरपूलला आला. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूल विजेता झाला त्या मोसमात लीगमध्ये तो २० सामन्यांत दिसला, पण बहुतेकदा शेवटची काही मिनिटं आघाडी सांभाळायला. त्याचं काम म्हणजे समोरच्याची चाल जन्मण्याआधीच मोडणं. मोडलेल्या चालींचे तीस सेकंदांचे व्हिडिओ कुणी फिरवत नाही. मितोमा डाव्या बाजूने बॅकला समोर घेतो, क्षणभर थांबतो, चेंडू बाहेरच्या अंगाला ढकलतो आणि निसटतो. हे ज्याला ऑफसाइडचा नियमही कळत नाही त्यालाही कळतं. विंगरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्याच्या, लोकप्रियतेतला मोठा वाटा जागेचाच असतो. राष्ट्रीय संघाचा कर्णधार मात्र एंदो आहे, आणि जपानमधल्या जाणत्या प्रेक्षकांत त्याचा मान या दोघांपेक्षा तसूभरही कमी नाही.

प्रश्न (सोलापूर): अशी तुलना आपली आपण करता येते का? फॉलोअर मोजले की झालं, असं मित्र म्हणतो.

फॉलोअर मोजणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग. फेब्रुवारी २०२२ मध्ये टोकियो वेर्दी क्लबने प्रतामा अरहान या इंडोनेशियन डिफेंडरला करारबद्ध केलं, आणि क्लबचे इन्स्टाग्राम फॉलोअर एका झटक्यात कित्येक पटींनी वाढले. मैदानात उतरण्याची संधी मात्र त्याला मोजक्याच वेळा मिळाली. वाढ इंडोनेशियातून आली होती, टोकियोतल्या तिकीटखिडकीवर तिचा फारसा परिणाम नाही. उलट काही जपानी खेळाडू समाजमाध्यमांवर फारसे दिसतच नाहीत.

बऱ्यापैकी खरं चित्र हवं असेल तर दोन मोफत साधनं एकत्र वापरा.

पहिलं, गूगल ट्रेंड्स. नाव टाकल्यावर खाली पर्याय येतात: एक ‘शोध संज्ञा’ आणि दुसरा त्या व्यक्तीचा ‘विषय’, ज्याच्या खाली फुटबॉलपटू असं काहीतरी लिहिलेलं असतं. नेहमी विषय निवडा. संज्ञा निवडली तर रोमन लिपीतले शोधच मोजले जातात, आणि जपानमधले लोक तर कांजीत, म्हणजे जपानी चित्राक्षरांत, शोधतात. विषय सगळ्या लिपी एकत्र करतो. हे केलं नाही तर होणाऱ्या गमती ऐका. होंडा टाकलं तर मिडफिल्डर केइसुके होंडाऐवजी मोटरसायकली मोजल्या जातात, सुझुकी टाकलं तर गोलरक्षक झायॉन सुझुकीऐवजी गाड्या. एंदो दोन आहेत: वातारू, आणि जपानकडून विक्रमी १५२ सामने खेळलेला यासुहितो. इतोही दोन, जुन्या आणि हिरोकी. मितोमाच्या नावातलं दुसरं कांजी अक्षर खुद्द जपानी लोक सर्रास चुकवतात, कारण बांबूचं शीर्षचिन्ह असलेलं आणि गवताचं शीर्षचिन्ह असलेलं अशी दोन जवळजवळ सारखी अक्षरं आहेत. विषय निवडला की ही डोकेदुखी बरीचशी मिटते.

मग प्रदेश बदलून तीनदा पाहा: जपान, जगभर, भारत. क्रमवारी तिन्हीकडे वेगळी दिसली तर घाबरू नका, तेच तर पाहायचं आहे. कालावधी किमान बारा महिने ठेवा. आठवडाभराचा घेतलात तर परवा गोल कुणी केला एवढंच कळेल. आलेखातला १०० म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या नावांमधलं त्या काळातलं सर्वोच्च शिखर म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. म्हणून यादीत बेसबॉलपटू शोहेई ओतानी टाकलात की सगळे फुटबॉलपटू तळाला चिकटतात आणि त्यांच्यातला फरकच दिसत नाही. एका वेळी पाचच नावं घेता येतात. पंधरा जणांची तुलना करायची असेल तर प्रत्येक पाचात एक नाव समान ठेवा, मितोमाचंच ठेवा ना, आणि बाकीच्यांचं त्याच्याशी प्रमाण काढून गट जोडा.

दुसरं साधन विकिपीडियाच्या पानभेटींचं. इथे खरे आकडे मिळतात, आणि जुलै २०१५ पासूनचे. जपानी विकिपीडिया आणि इंग्रजी विकिपीडिया असे दोन वेगळे शोध करा. ‘वापरकर्ता’ हा पर्याय निवडला की यंत्रांच्या भेटी गळून जातात. बेरीज किंवा सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या: वर्षभरातल्या रोजच्या भेटी चढत्या क्रमाने लावा आणि मधोमधचा आकडा उचला. कारण विश्वचषकातल्या एका रात्री एखाद्या पानाला एवढ्या भेटी पडतात की सरासरी फुगते आणि राखीव गोलरक्षकही लोकप्रिय ठरतो. सामना नसलेल्या मंगळवारी कुणाचं पान किती जण उघडतात, यावर खरी ओळख कळते.

बाजारमूल्य सांगणारी संकेतस्थळं या कामाची नाहीत. वय, करारातली उरलेली वर्षं आणि फॉर्म यांवर ते मूल्य ठरतं. २९ व्या वर्षी ते उतरू लागतं, लोकप्रियता तेव्हा कदाचित चढत असते.

प्रश्न (कोल्हापूर): युरोपियन क्लब जपानी खेळाडू फक्त शर्ट विकायला घेतात आणि शर्टांतूनच खरेदीची रक्कम वसूल करतात, हे खरं का?

हिशेब करून पाहू, उदाहरणापुरता. शर्टची किंमत ८० पौंड धरा. त्यातला २० टक्के ब्रिटिश कर वजा केला की सुमारे ६७ उरतात. साधारण निम्मे दुकानदाराचे, म्हणजे घाऊक किंमत ३३ च्या आसपास. शर्ट बनवणारी कंपनी क्लबला दरवर्षी ठरलेली मोठी रक्कम देते आणि वर विक्रीवर रॉयल्टी, बऱ्याच करारांत ती दहा टक्क्यांच्या अल्याडपल्याड असते. म्हणजे क्लबच्या हाती शर्टामागे तीनसव्वातीन पौंड. एंदोसाठी लिव्हरपूलने सुमारे १.६ कोटी पौंड मोजल्याच्या बातम्या होत्या. तेवढे वसूल करायला त्याच्या एकट्याच्या नावाचे पन्नास लाखांच्या घरात शर्ट खपायला हवेत. क्लबच्या स्वतःच्या दुकानातून विकला तर दुकानदाराचा वाटाही क्लबला मिळतो, तरीही गणित जमत नाही. शिवाय एंदोचा शर्ट घेणाऱ्यांपैकी अनेकांनी नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावाचा घेतलाच असता.

आरोप जुना आहे, आणि एका काळात त्याला थोडा आधारही होता. हिदेतोशी नाकाता १९९८ मध्ये पेरुजियाला गेला, पहिल्याच लीग सामन्यात युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले, आणि त्या छोट्या इटालियन शहरात जपानी पर्यटक येऊ लागले. २००१ मध्ये जुनिची इनामोतो आर्सेनलला आला, पण प्रीमियर लीगचा एकही सामना त्याला मिळाला नाही. शर्ट विकायला आणला, अशी टीका तेव्हा झाली. त्यानेच २००२ च्या विश्वचषकात बेल्जियम आणि रशियाविरुद्ध गोल करून उत्तर दिलं. नाकाताचं म्हणाल तर २००१ मध्ये तो रोमाबरोबर इटालियन लीग जिंकून पार्माला गेला तेव्हाची रक्कम इतकी मोठी होती की शर्टांचा विषयच काढायला नको.

पैसा येतो तो दुसऱ्या दारांनी: जपानी प्रायोजक, प्रक्षेपणहक्क आणि उन्हाळी दौरे. ब्रायटनने जुलै २०२४ मध्ये टोकियोत काशिमा अँटलर्स आणि टोकियो वेर्दीविरुद्ध सामने खेळले. मितोमा नसता तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या क्लबला जपानच्या राष्ट्रीय स्टेडियमवर कोण बोलावतं? लिव्हरपूलला तसं निमित्त लागत नाही, पण जुलै २०२५ मध्ये ते योकोहामा एफ. मारिनोसविरुद्ध खेळायला गेले तेव्हा एंदो होताच.

आणि आजचं खरं कारण त्याहून रोकडं आहे. जपानी खेळाडू त्यांच्या दर्जाच्या मानाने स्वस्त मिळतात. शिंजी कागावाला डॉर्टमुंडने २०१० मध्ये साडेतीन लाख युरोंना घेतलं आणि त्याच्यासह सलग दोन जर्मन लीग जिंकल्या. तेव्हापासून युरोपातले शोधपथकवाले जपानमध्ये मुक्कामच ठोकून आहेत.

प्रश्न (ठाणे): कोरियाच्या सोन ह्युंग-मिनसारखा एकच जगप्रसिद्ध चेहरा जपानकडे का नाही?

सोन दहा वर्षं एकाच इंग्लिश क्लबात होता, २०२१-२२ मध्ये २३ गोल करून प्रीमियर लीगचा संयुक्त सर्वाधिक गोल करणारा ठरला. असा स्ट्रायकर जपानला अजून मिळालेला नाही, हे मान्य करावंच लागेल. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२२ च्या विश्वचषकातल्या २६ जपानी खेळाडूंपैकी १९ युरोपियन क्लबांचे होते, त्यातले आठ एकट्या जर्मनीत. कोरियाचं लक्ष एका खेळाडूवर एकवटतं; जपानचं लक्ष ब्रायटन, सान सेबास्तियन (रेआल सोसिएदादचं शहर), ग्लासगो, मोनॅको असं वाटलं जातं. रात्री अकराला एक, एकला दुसरा, पहाटे चारला तिसरा. संघ त्यामुळे बळकट झाला, तारे मात्र लहान दिसू लागले. २०२६ च्या विश्वचषकासाठी यजमान वगळता सर्वांत आधी पात्र ठरलेला संघ जपानच होता, २० मार्च २०२५ रोजी. सौदा वाईट नाही.

प्रश्न (रत्नागिरी): काझुयोशी मिउरा अठ्ठावन्नाव्या वर्षी खेळत होता असं वाचलं. हा विनोद आहे की जाहिरात?

विनोद नक्कीच नाही. जाहिरातीचा भाग आहे, आणि तो कुणी लपवतही नाही.

मिउराचा जन्म २६ फेब्रुवारी १९६७ चा. १९८२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो एकटा ब्राझीलला गेला आणि १९८६ मध्ये सांतोसशी व्यावसायिक करार केला. जपानमध्ये तेव्हा व्यावसायिक लीगच नव्हती. १९९३ मध्ये दहा क्लबांची जे-लीग सुरू झाली तेव्हा पहिला सर्वोत्तम खेळाडू तोच. पुढे जेनोआकडून इटलीत खेळला. जपानसाठी ८९ सामने, ५५ गोल. एवढं करून विश्वचषकात मात्र तो एक मिनिटही खेळला नाही. १९९३ मध्ये दोह्यात इराकने भरपाई वेळेत २-२ अशी बरोबरी साधून जपानची १९९४ ची संधी घालवली, आणि १९९८ मध्ये स्पर्धा अगदी तोंडावर असताना स्वित्झर्लंडच्या शिबिरातून प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी त्याला वगळलं. जपानी लोकांना सलतं ते हेच. ज्याने लीग उभी केली त्याला विश्वचषक मिळाला नाही, ही खंत त्याच्या लोकप्रियतेत मिसळलेली आहे.

१२ मार्च २०१७ रोजी, वयाच्या ५० वर्षं १४ दिवसांनी, त्याने जे-२ मध्ये गोल केला. २०२० मध्ये ५३ व्या वर्षी जे-१ मध्ये उतरला. २०२५ मध्ये अ‍ॅटलेटिको सुझुका या चौथ्या श्रेणीतल्या क्लबाकडे होता. त्याचा शर्ट क्रमांक ११, म्हणून त्याचा आधीचा क्लब योकोहामा एफसी त्याच्या कराराची बातमी ११ जानेवारीला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी देत असे! ऑक्टोबर २०२२ मध्ये सुझुकाचा एक सामना टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ठेवला तेव्हा १६ हजारांवर प्रेक्षक आले. त्या श्रेणीत एरवी हजार माणसं जमली तरी बरी गर्दी म्हणतात.

खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर तो बहुधा काही मिनिटांसाठीच उतरतो आणि एका तरुणाची राखीव जागा अडते, ही टीका जपानमध्येही होते आणि ती चुकीची नाही. पण लोकप्रियतेच्या तुलनेत त्याला वगळून चालणार नाही. फुटबॉल न पाहणाऱ्या पासष्टीतल्या जपानी माणसाला मितोमा विश्वचषकापुरता आठवेल, काझू (मिउराचं लाडकं नाव) मात्र नक्की माहीत असतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): जपानमध्ये फुटबॉल पहिला की बेसबॉल?

रोजच्या जगण्यात बेसबॉल, आणि ओतानीमुळे सध्या फारच. व्यावसायिक बेसबॉल संघ मोसमात १४३ सामने खेळतो, जे-१ चा संघ ३८. रोज संध्याकाळी काही ना काही चालू असतं ते बेसबॉलचं. विश्वचषकाच्या महिन्यात पारडं फिरतं. २००२ मध्ये जपान-रशिया सामन्याला टोकियोभोवतीच्या कांतो भागात ६६.१ टक्के टीव्ही रेटिंग मिळालं होतं, २०१८ मध्ये कोलंबियाविरुद्ध ४८.७, २०२२ मध्ये कोस्टारिकाविरुद्ध ४२.९. उतरता क्रम दिसतो खरा, पण २०२२ चे सगळे सामने अबेमा या इंटरनेट मंचावर फुकट होते, त्यामुळे मोबाइलवरचे प्रेक्षक या आकड्यात नाहीत. बेसबॉलनेही २०२३ च्या जागतिक स्पर्धेत इटलीविरुद्ध ४८ टक्के गाठले होते. मोठ्या रात्री दोन्ही खेळ बरोबरीत, एरवीच्या दिवशी बेसबॉल पुढे.

प्रश्न (नागपूर): क्योगो फुरुहाशी सेल्टिकमध्ये एवढा लाडका असताना २०२२ च्या विश्वचषकात का नव्हता?

प्रशिक्षक हाजिमे मोरियासूंना पुढच्या फळीत आधी धावून दडपण आणणारा खेळाडू हवा होता. त्यांनी सेल्टिकचाच दाइझेन माएदा निवडला, आणि त्याने क्रोएशियाविरुद्ध गोलही केला. क्योगो पेनल्टी क्षेत्रात बचावपटूच्या पाठीमागून निसटून पहिल्या स्पर्शात गोल करणारा. सेल्टिक सामनाभर चेंडू ताब्यात ठेवतं, त्यामुळे त्याला तसे दहा पास मिळतात. जर्मनी-स्पेनसमोर जपानला दोन मिळाले तरी खूप. त्याच मोसमात त्याने स्कॉटिश लीगमध्ये २७ गोल केले आणि तिथल्या खेळाडूंनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम ठरवलं. सेल्टिकच्या ग्लासगोत तो शुन्सुके नाकामुरा या क्लबच्या जुन्या जपानी ताऱ्याच्या पंक्तीत बसतो. जपानमध्ये तसा बसत नाही, कारण स्कॉटिश लीग तिथे फार कमी लोक पाहतात.

प्रश्न (पुणे): पुणे एफसीकडून खेळणारा आराता इझुमी जपानी होता की भारतीय? जपानमध्ये त्याला कुणी ओळखतं का?

दोन्ही, पण एका वेळी एकच. जन्म १९८२ चा, जपानच्या यामागुची प्रांतातला. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापूरमधल्या अल्बिरेक्स निगाताकडून खेळून तो ईस्ट बंगालला आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे आणि २००९ पासून पुणे एफसीकडे. २००८ च्या अखेरीस केंद्र सरकारने धोरण ठरवलं की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा; वंशाने भारतीय असणं पुरेसं नाही. दुहेरी नागरिकत्व भारतही देत नाही. म्हणून त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. कागदोपत्री नाव नीलकंठ खंभोळजा.

हा निर्णय क्लबच्याही पथ्यावर पडला. आय-लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित. इझुमी भारतीय झाल्यावर एक परदेशी जागा मोकळी झाली. डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुणे एफसी २०१२-१३ मध्ये लीगमध्ये दुसरं आलं. पहिलं होतं गोव्याचंच चर्चिल ब्रदर्स. पुढे २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या कोलकात्याच्या संघात इझुमी होता.

जपानमध्ये तो सर्वसामान्य प्रेक्षकाला माहीत नाही, कारण तिथल्या वरच्या श्रेणीत तो खेळलाच नाही. बालेवाडीला सामने पाहणाऱ्या पुणेकराला मात्र कागावाआधी इझुमी आठवतो. मुंबईच्या ओएनजीसी संघातून मोहन बागानला गेलेल्या कात्सुमी युसाचंही तेच: २०१४-१५ ची आय-लीग जिंकून तो कोलकात्यात घरचा झाला, मायदेशी अनोळखीच राहिला.

प्रश्न (डोंबिवली): मुलाला मितोमाचा शर्ट हवा आहे. काय पाहून घ्यावा?

आधी क्लबचा की देशाचा ते ठरवा. ब्रायटनचा निळा-पांढरा पट्ट्यांचा, नाइकीचा, क्रमांक २२. जपानचा आदिदासचा. २०२२ च्या विश्वचषकात तिथे त्याचा क्रमांक ९ होता, नंतर ७ झाला. बाजारात दोन्ही दिसतात, त्यामुळे ९ पाहून नकली ठरवू नका. साल जुळतं का ते बघा.

प्रत्येक शर्ट दोन प्रकारांत येतो. खेळाडूंचा प्रकार महाग, अंगाला चिकटणारा, चिन्ह उष्णतेने चिकटवलेलं. चाहत्यांचा प्रकार सैल, चिन्ह शिवलेलं. रोज वापरणाऱ्या मुलाला दुसराच घ्या. नकली मालात हमखास दिसणारी गफलत म्हणजे खेळाडूंच्या प्रकारचं कापड आणि त्यावर शिवलेलं चिन्ह. आतल्या शिवणीवरच्या छोट्या लेबलावर उत्पादनाचा कोड असतो. आदिदासचा सहा अक्षर-अंकांचा, नाइकीचा सहा, मग आडवी रेघ आणि तीन अंक. तो इंटरनेटवर शोधा. दुसऱ्याच शर्टाचा फोटो आला तर पैसे देऊ नका.

जपानहून मागवणार असाल तर एक माप मोठं घ्या, जपानी मापं लहान असतात. तिथल्या बऱ्याच क्लबांची दुकानं परदेशी पाठवत नाहीत, मध्यस्थ सेवा वापरावी लागते; तिचं शुल्क, टपालखर्च आणि इथली कस्टम ड्यूटी धरून मगच किंमत ठरवा. नाव छापलेला शर्ट सहसा परत घेत नाहीत. आणि खेळाडू क्लब बदलतात: क्योगोचा सेल्टिक शर्ट ज्यांनी २०२४ च्या नाताळात घेतला, त्यांचा खेळाडू जानेवारीत फ्रान्सच्या रेन क्लबला गेला.

धुताना उलटा करून, थंड पाण्यात. छपाईवर इस्त्री नको, ड्रायर नको, कपडे मऊ करणारं द्रव्य तर अजिबात नको. अंक उष्णतेने वितळणाऱ्या गोंदावर चिकटवलेले असतात, पुन्हा उष्णता लागली की कडा सुटतात.

प्रश्न (मडगाव): जे-लीगचे सामने आपल्या वेळेनुसार कधी पडतात?

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला, दुपारी दोनचा सकाळी साडेदहाला. २०२६ च्या ऑगस्टपासून लीग युरोपप्रमाणे ऑगस्टला सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपण्याच्या वेळापत्रकावर जाते आणि मध्ये हिवाळी सुट्टी असते, म्हणून जुनी ‘फेब्रुवारी ते डिसेंबर’ अशी वेळापत्रकं ग्राह्य धरू नका. मितोमाचे सामने पाहायचे असतील तर इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेसातला आणि ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं मागे गेली की साडेआठला. जपानमध्ये तोच सामना अनुक्रमे रात्री अकराला आणि बाराला सुरू होतो.